पान्ह्याला लागणारा वेळ

कबनूर कुठे संपतं आणि इचलकरंजी कुठे सुरू होते, हे नवख्या माणसाला रस्त्यावर उभं राहून सांगता येत नाही. दोन्हीकडे यंत्रमागांची शेडं आणि दोन्हीकडे तोच खडखडाट. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी इचलकरंजीत पहिला यंत्रमाग बसवला, जहागीरदार नारायणराव घोरपडे यांनी या धंद्याला पाठबळ दिलं, आणि आज या पट्ट्यात लाखाहून जास्त माग आहेत. त्यातले कितीतरी छोट्या शेडांत चालतात, कुठे आठ, कुठे सोळा, कुठे चोवीस. मागावर बहुतेक पुरुष, आणि धोट्यात बसणारी कांडी भरायला बाया. कापडाची मजुरी पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांवर ठरते, कांडीवरही जितका हात चालेल तितकी कमाई. मिनिटाची किंमत इथे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

अशा गावात आईच्या दुधाबद्दल लिहायचं तर ‘आईचं दूध म्हणजे अमृत’ एवढं म्हणून भागत नाही. ते वाक्य दवाखान्यांच्या भिंतींवर वर्षानुवर्षं आहे. ते वाचलेल्या, मनापासून पटलेल्या घरातही बाळ तीन महिन्यांचं होईतो पावडरचा डबा येतो. तो का येतो हे कळायला आधी दूध कसं तयार होतं ते पाहावं लागतं.

बाळ चोखू लागलं की आईच्या मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीला निरोप जातो आणि दोन संप्रेरकं रक्तात उतरतात. प्रोलॅक्टिनमुळे दूध बनतं. त्याचं प्रमाण रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीचं पाजणं कितीही जिवावर आलं तरी दुधाच्या हिशेबात ते फार मोलाचं असतं. ऑक्सिटोसिन दुधाच्या पिशव्यांभोवतीचे बारीक स्नायू आवळतं आणि दूध बाहेर ढकलतं. यालाच आपण पान्हा फुटणं म्हणतो. नुसता बाळाचा आवाज कानावर पडला तरी तो फुटतो, आणि वेदना, भीती, घरातली बोलणी यांनी तो अडतो. तिसरी गोष्ट मात्र फारशी कुणी सांगत नाही. छातीत दूध साठून राहिलं की त्या दुधातलेच काही घटक पुढचं दूध बनणं थांबवतात. छाती रिकामी होत राहिली की दूध भराभर बनतं, तुंबून राहिली की कारखाना मंदावतो.

आता दोन महिन्यांची बाळंतीण कांडी मशीनवर परतली असं धरा. सकाळपासून चार-पाच तास बाळ लांब. पहिले काही दिवस छाती ठणकते, पदर भिजतो, कधी गाठी होतात. मग हळूहळू ठणका कमी होतो, कारण दूधच कमी बनायला लागलेलं असतं. बाळ संध्याकाळी किरकिर करतं. घरात कुणीतरी म्हणतं, ‘हिला दूध पुरत नाही गं.’ वरचं दूध सुरू होतं. पोट भरलेलं बाळ अंगावर कमी ओढतं, कमी ओढल्याने दूध आणखी कमी होतं, आणि पंधरा-वीस दिवसांत ‘आटलं’ हा शब्द त्या बाईच्या अंगाला कायमचा चिकटतो. तिच्या अंगात काही बिघडलेलं नसतं. शरीराने मागणी पाहिली आणि तितकंच बनवलं. थायरॉइडचे किंवा इतर काही आजार असलेल्या थोड्या स्त्रियांना खरोखरच दूध कमी येतं, त्यांना उपचार हवेत. पण बहुतेक घरांत दूध तुटण्याआधी आईचा वेळ तुटलेला असतो. या लेखात मला मुख्यतः हेच सांगायचं आहे.

दूध पुरतं की नाही हे रडण्यावरून ठरवू नये. पहिला आठवडा उलटल्यावर बाळ दिवसातून सहा किंवा जास्त वेळा लघवी करत असेल, साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वजनावर परत आलं असेल आणि पुढे दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम वाढत असेल, तर दूध पुरतंय. वजन वाढत नसेल तर डब्याकडे जाण्याआधी बाळाची पकड पाहावी. बाळाने नुसती बोंडशी तोंडात धरली तर आईला चिरा पडतात आणि बाळाला दूध मिळत नाही. भोवतीच्या काळ्या भागाचा, विशेषतः खालचा, मोठा हिस्सा तोंडात जायला हवा, हनुवटी छातीला टेकायला हवी. मुंबईच्या आयआयटीमध्ये काम करणाऱ्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी या पकडीवर भर देत गावोगावच्या कार्यकर्त्यांना शिकवण्याचं मोठं काम केलं आहे. लाडू आणि औषधांच्या आधी पकड सुधारा, हा त्यांच्या कामाचा रोख मला फार महत्त्वाचा वाटतो. कितीतरी बायांचे महिने वाचतील.

जन्मानंतरच्या पहिल्या तासात पाजण्याचं महत्त्व कोल्हापूर जिल्ह्यात तरी सांगावं लागू नये. ‘गोकुळ’ दूध संघाला दूध घालणारा इथला शेतकरी म्हैस व्याली की पहिलं काय पाहतो? रेडकाने चीक ओढला का. चीक न मिळालेलं वासरू जगायला अवघड, हे त्याला कुठल्या पुस्तकाने शिकवलेलं नाही. गाईच्या पोटात असताना वासराला प्रतिपिंडं मिळत नाहीत, ती सगळी चिकातून मिळतात, आणि साधारण पहिल्या दिवसानंतर वासराचं आतडं ती आत घेईनासं होतं. माणसाच्या बाळाचं थोडं वेगळं आहे. रक्तातली प्रतिपिंडं त्याला वारेतूनच मिळालेली असतात. पण आतड्याचं, घशाचं, नाकाचं अस्तर उघडं असतं, आणि जंतू तिथूनच शिरतात. आईचा पिवळसर दाट चीक नेमका या अस्तरावर लेप देतो. त्यात आयजीए नावाची प्रतिपिंडं ठासून भरलेली असतात, आणि आई ज्या घरात, ज्या गल्लीत राहते तिथल्या जंतूंना ओळखणारी ती असतात. चीक चमचा-दोन चमचेच येतो. पहिल्या दिवशी तेवढंच पोट असतं, तेवढाच पुरतो. तरी आपल्याकडे म्हशीच्या चिकाचा खरवस शेजारीपाजारी वाटला जातो आणि बाळंतिणीचा चीक काही घरांत अजून पिळून टाकला जातो. बाळाला मध चाटवला जातो. मधात क्वचित असे जिवाणूंचे बीजाणू असतात की त्याने तान्ह्या बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. वर्षाच्या आत मध देऊच नये.

२००६ साली घानामध्ये सुमारे ११ हजार बाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्याच बाळांना पहिल्या तासात पाजलं असतं तर नवजात मृत्यूंपैकी २२ टक्के टळले असते, असं त्यात दिसलं. आपल्या राज्याचं चित्र पाहू. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातली जवळजवळ ९५ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झाली, पण पहिल्या तासात अंगावर घेतलेली बाळं ५३ टक्केच. त्याआधीच्या फेरीत ती ५७ टक्क्यांवर होती. याच काळात सिझेरियनचं प्रमाण २० वरून २५ टक्क्यांवर गेलं. एकाच कारणावर बोट ठेवणं योग्य नाही, पण टाके घातलेली आई एका खोलीत आणि बाळ नातेवाइकांच्या हातात दुसरीकडे, ही व्यवस्था बदलता येण्याजोगी आहे. सिझेरियन झालेल्या, भूल कंबरेतून दिलेल्या आईच्या छातीवरही बाळ ठेवता येतं. त्याला एक परिचारिका जवळ उभी लागते, आणि ती उभी असावी असा आग्रह घरच्यांनी धरला पाहिजे.

पुढच्या महिन्यांत दूध बाळाला काय देतं? त्यात सुमारे दोनशे प्रकारच्या अशा शर्करा असतात की ज्या बाळाला पचतच नाहीत. लॅक्टोज आणि स्निग्धांशाच्या खालोखाल प्रमाण त्यांचंच. बाळाला न पचणारं अन्न आईचं शरीर इतकं मेहनतीने का बनवतं, हे कोडं बरीच वर्षं होतं. त्या शर्करा आतड्यातल्या बिफिडो जातीच्या चांगल्या जिवाणूंचं अन्न आहेत. ते वाढले की जुलाबाच्या जंतूंना जागा उरत नाही. काही शर्करा तर जंतूंना आतड्याला चिकटण्याआधीच पकडतात. म्हणून अंगावर पिणाऱ्या बाळांना जुलाब, न्यूमोनिया आणि कानाचे संसर्ग कमी होतात. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या लेखमालेने असा अंदाज मांडला की जगभर स्तनपान पुरेसं वाढलं तर दर वर्षी ८ लाख २३ हजार बालमृत्यू आणि स्तनाच्या कर्करोगाचे २० हजार मृत्यू टळतील.

पण प्रत्येक दावा सारखाच पक्का नाही, आणि आईला घाबरवण्यासाठी तो वापरला जाऊ नये. बेलारूसमध्ये १९९६-९७ साली १७ हजारांहून अधिक आया-बाळांवर एक मोठा प्रयोग सुरू झाला. ३१ रुग्णालयांपैकी काहींत स्तनपानासाठी खास मदत देण्यात आली, बाकीच्यांत नेहमीची पद्धत ठेवली. मदत मिळालेल्या गटात पहिल्या वर्षातले जुलाब सुमारे ४० टक्क्यांनी घटले, इसबही कमी झालं. साडेसहाव्या वर्षी बुद्धीच्या चाचण्यांत ती मुलं काहीशी पुढे निघाली. लठ्ठपणा आणि दमा यांत मात्र फरक दिसला नाही. जुलाब आणि छातीचा संसर्ग यांपासून संरक्षण हा सर्वांत भक्कम लाभ आहे, आणि पंचगंगेच्या काठावर राहणाऱ्यांना एवढा लाभ पुरेसा मोठा वाटायला हवा.

२०१२ च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली होती. हेपटायटिस ई, पिण्याच्या पाण्यातून पसरणारा. गरोदर बाईला हा आजार झाला तर जिवावर बेततो, त्यामुळे ज्या घरात दिवस गेलेली सून होती तिथली भीती वेगळीच होती. ऑगस्ट २०१९ मध्ये महापुराने कोल्हापूर जिल्ह्याला वेढलं, तेही जागतिक स्तनपान सप्ताहाच्याच दिवसांत. अशा वेळी पावडर कालवायला उकळलेलं पाणी, बाटली धुवायला स्वच्छ पाणी, चूल पेटवायला कोरडी जागा, सगळंच दुर्मिळ होतं. म्हणून आपत्तीत दुधाच्या पावडरीचे डबे सरसकट वाटू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ सांगतात. पाजणाऱ्या आईला जेवण, पाणी आणि आडोसा द्यावा. साथ नसतानाही हेच खरं. आईच्या दुधात ८७-८८ टक्के पाणीच असतं, त्यामुळे एप्रिल-मेच्या उन्हातही सहा महिन्यांपर्यंत बाळाला वरून पाणी लागत नाही. गुटीचंही तेच. सहाणेवर उगाळलेलं वेखंड, मुरूडशेंग, हळकुंड प्रेमाने दिलेलं असतं, पण सहाण, पाणी आणि बोट या तिन्ही वाटांनी जंतू आत जातात. आजींना दुखवावं असं कुणालाच वाटत नाही. गुटीऐवजी त्यांच्याकडे तेलमालीश आणि बाळाला छातीशी धरून बसणं सोपवलं तर बाळाचाही फायदा आणि आईलाही तासभर झोप. सहा महिन्यांपर्यंत द्यायचे ते फक्त डॉक्टरांनी सांगितलेले ड जीवनसत्त्वाचे थेंब. आईच्या दुधात ते कमी असतं.

आईला यातून काय मिळतं, ही बाजू नेहमी दोन ओळींत उरकली जाते. तिथे मला थांबायचं आहे.

बाळंतपणानंतर गर्भाशयाच्या आत वारेची जागा मोठ्या जखमेसारखी उघडी असते. बाळ ओढू लागलं की सुटणारं ऑक्सिटोसिन गर्भाशय आवळतं, रक्तवाहिन्या मिटतात, रक्तस्राव घटतो. पाजताना ओटीपोटात कळ येते ती हीच, आणि ती चांगली खूण आहे. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे आपल्याकडच्या मातामृत्यूंचं एक प्रमुख कारण आहे, त्यामुळे पहिल्या तासातलं पाजणं हे आईसाठीही तितकंच तातडीचं. पुढे अंगावर पाजत असताना पाळी लांबते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्यांना पाळीशिवाय गेलेला प्रत्येक महिना म्हणजे वाचलेलं रक्त. दिवसरात्र फक्त अंगावरच पाजत असेल, पाळी आलेली नसेल आणि बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, या तिन्ही अटी पाळल्या तर पुन्हा दिवस जाण्यापासून ९८ टक्क्यांहून अधिक संरक्षण मिळतं, असं १९८८ साली इटलीतल्या बेलाजिओ इथे जमलेल्या तज्ज्ञांनी मांडलं. ‘अंगावर पितंय ना, मग काही होत नाही’ हा आपल्याकडचा समज या अटी गाळून पसरला आहे. दिवसाचे चार-पाच तास कामावर असणाऱ्या बाईची पहिली अट तुटते. तिने दुसरं साधन वापरायलाच हवं.

कर्करोगाबद्दलचा पुरावा मोठा आहे. २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा, एकूण दर बारा महिन्यांच्या स्तनपानामागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी घटलेला दिसला. दोन मुलांना दीड-दीड वर्ष पाजलेल्या बाईला साधारण बारा टक्के कमी धोका. स्तनातल्या पेशी दूध बनवण्याच्या कामाला लागून पक्व होतात आणि बिघडण्याची त्यांची शक्यता कमी होते, हे एक कारण मानलं जातं. अंडाशयाच्या कर्करोगाचा धोकाही घटतो. भारतीय स्त्रियांत आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच असल्याने ही टक्केवारी लहान समजू नये. तरीही पाजलेल्या बाईलाही तो होऊ शकतो, म्हणून गाठ लागली तर ‘दुधाची असेल’ म्हणून महिनोन्‌महिने बसू नये.

मधुमेहाचं मला विशेष महत्त्वाचं वाटतं, कारण तो आता प्रत्येक गल्लीत आहे. अमेरिकेत तीस वर्षं पाठपुरावा केलेल्या बाराशेहून अधिक स्त्रियांत, सगळ्या मुलांचं मिळून सहा महिने किंवा जास्त पाजलेल्यांना मधुमेह होण्याचं प्रमाण अजिबात न पाजलेल्यांच्या जवळजवळ निम्मं होतं. दूध बनवण्यासाठी शरीर रक्तातली साखर आणि गरोदरपणात साठलेली चरबी वापरतं. गरोदरपणात साखर वाढलेल्या बाईला डॉक्टरांनी गोळ्यांबरोबर हेही सांगायला हवं.

याची किंमतही आहे, आणि ती आईच मोजते. पाजणाऱ्या बाईला पहिल्या सहा महिन्यांत रोज सुमारे ६०० कॅलरी जास्त लागतात, म्हणजे घरातलं जवळजवळ आणखी एक पूर्ण जेवण. अळिवाची खीर, डिंकाचे आणि मेथीचे लाडू हे सगळं उत्तमच, अळिवात लोहही चांगलं असतं. पण भाकरी, डाळ, अंडं, पालेभाजी ताटात वाढली नाही तर लाडवांनी ती भूक भागत नाही. पहिल्या बाळंतपणाला माहेरी नेण्याची आपली रीत या बाबतीत शहाणी आहे. सव्वा महिना, कुठे तीन महिने, लेकीच्या हातात फक्त बाळ, बाकी घर आईने सांभाळायचं. पण कामासाठी परराज्यातून येऊन इथे खोली घेतलेल्या बाईचं माहेर हजार किलोमीटरवर असतं, आणि हंगामात मराठवाड्यातून ऊसतोडीला येणाऱ्या बाईचं बाळ तर फडाच्या कडेलाच झोळीत असतं.

कायदा आहे. मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना २६ आठवड्यांची पगारी रजा दिली, पन्नास किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचं केलं. बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजायला सुट्टी ही तरतूद तर १९६१ च्या मूळ कायद्यातली, आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. पण कायदा माणसं मोजून लागू होतो. चार माणसांच्या शेडात किंवा स्वतःच्या घरात कांडी भरणारी बाई त्या मोजणीत येतच नाही. तिच्यापर्यंत पोचतात ते मातृवंदना योजनेचे पहिल्या बाळाला मिळणारे ५ हजार रुपये आणि दारावर येणारी आशाताई. नवजात बाळ पाहायला आशाताई देतात त्या घरभेटींमागे गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी केलेलं काम आहे, ज्याने घरातच बाळाची काळजी घेऊन नवजात मृत्यू निम्म्याहून खाली आणता येतात हे १९९९ साली जगापुढे सिद्ध केलं. एसटी स्थानकांवर बाळाला पाजायला हिरकणी कक्ष झाले. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज आहिरे तान्ह्या बाळाला घेऊन नागपूरच्या अधिवेशनाला आल्या, तेव्हा विधानभवनातही तशा कक्षाची सोय झाली. शेडांच्या गल्लीत ती अजून व्हायची आहे.

काही बाळं अंगावर पिऊच शकत नाहीत, फार लवकर जन्मलेली, फार अशक्त. त्यांच्यासाठी मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू केली. एचआयव्ही असलेल्या आईलाही उपचार नियमित घेत डॉक्टरांच्या सल्ल्याने पाजता येतं. आणि एखाद्या आईला खरोखरच पावडर द्यावी लागली तर तिला अपराधी वाटेल असं बोलू नये. पाणी उकळून, मोजून, वाटी-चमच्याने, बाटली टाळून कसं द्यायचं ते दाखवावं.

कामावर जाणाऱ्या आईला हाताने दूध काढता येतं. हात साबणाने धुवायचे, अंगठा आणि तर्जनी काळ्या भागाच्या जरा मागे ठेवून आत छातीकडे दाबायचं, मग एकमेकांकडे. उकळून घेतलेल्या, झाकण असलेल्या भांड्यात काढलेलं दूध थंड जागी चार तास आणि फ्रीजमध्ये दिवसभर टिकतं. घरच्यांनी ते वाटी-चमच्याने पाजायचं, गरम करायचं झालं तर कोमट पाण्यात भांडं ठेवून, गॅसवर नाही. बाळाला मात्र शेडात आणू नये. मागांचा आवाज नव्वद डेसिबलच्या वर जातो आणि हवेत सुताची कुसं उडत असतात.

एका गल्लीत दहा-बारा शेडं असतात. त्यांच्या मालकांनी मिळून एक खोली ठेवली, दार, पंखा, पाणी आणि एक खाट, तर कुणा एकावर फार भार येत नाही. सकाळी आठला कांडीवर बसलेल्या बाईला दहाच्या आणि एकच्या सुमारास मजुरी न कापता वीस-वीस मिनिटं तिथे मिळाली, आणि सासूने किंवा शेजारणीने बाळाला तिथे आणलं, तर तिची छाती तुंबत नाही, आणि पंधरा दिवसांनी तिच्या घरात कुणी ‘आटलं’ म्हणत नाही.